लांब पल्ल्याच्या शर्यतीत कुठला घोडा टिकतो?

जत्रांचा हंगाम आला की चिकोडी, रायबाग, अथणीकडे घोडागाडीच्या शर्यतींची चर्चा रंगते. ‘यंदा कुणाचा घोडा?’ याचं उत्तर बहुतेक जण घोडा सुटताना कसा उसळतो यावरून देतात, आणि तिथंच गणित चुकतं. दहा-पंधरा किलोमीटरच्या पल्ल्यात पहिला फर्लांग कुणी मारला याला काडीची किंमत नाही. दौड थांबल्यावर नाडी किती लवकर उतरते, ते बघा.

जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूनं, एक शीर बोटाखाली सरकते. तिथं दोन बोटं टेकवून १५ सेकंद मोजा आणि चारनं गुणा. निवांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४. सरावाची रपेट झाली की सावलीत उभा करून दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. ६४ च्या आत आली तर घोडा तयारीचा. १६० किलोमीटरच्या एन्ड्युरन्स (दमाची कसोटी पाहणाऱ्या) शर्यतींत पशुवैद्य याच ६४ च्या आकड्यावर घोडा पुढं सोडतात किंवा थांबवतात. तिथली आणखी एक परीक्षा आपल्या माळावरही करता येते. नाडी मोजायची, घोडा दुडक्या चालीनं ३८ मीटर नेऊन परत आणायचा, आणि दुडकी सुरू केल्यापासून बरोबर एक मिनिटानं पुन्हा मोजायची. आकडा तेवढाच किंवा कमी आला तर घोडा दमाचा. चारपेक्षा जास्त ठोके वाढले तर तो थकलाय, अंगातलं पाणी कमी झालंय किंवा कुठंतरी दुखतंय.

दुखणं शोधायला घोडा डांबरी रस्त्यावर दुडकत समोरून येऊ द्या. पुढचा दुखरा पाय टेकताना तो मान वर उचलतो. नाल आदल्या दिवशी ठोकला असेल तर त्या घोड्यावर भरवसा ठेवू नका. खिळा आतल्या जिवंत भागाजवळ गेला असला तरी लगेच लंगडत नाही. धाव वाढली की कळ येते. नाल आठवडाभर आधीच व्हायला हवा. वेदनाशामक टोचून पळवणं तर पापच आहे: दुखणं झाकतं आणि पाय कायमचा जातो.

जातीचं म्हणाल, तर रेसकोर्सवरून आलेला थरोब्रेड दिसायला राजबिंडा, पण त्याची घडण वेगळ्या पल्ल्याची. पुण्याची इंडियन सेंट लेजर ही आपल्याकडची लांब क्लासिक शर्यत, तीही २८०० मीटरची. त्यात अशा भरल्या अंगाचा घोडा आतली उष्णता लवकर बाहेर टाकू शकत नाही. सकाळच्या गारव्यात चार-पाच किलोमीटर असतील तर थरोब्रेडच पुढं राहील. चैत्राच्या उन्हात पंधरा किलोमीटर असतील, तर धनगरांचं बिऱ्हाड वाहणाऱ्या सडसडीत भीमथडी जातीच्या घोड्याला आमची पसंती.

गाडीही तपासा. छातीपट्टा वर चढला तर श्वासनलिका दाबतो, खाली उतरला तर खांद्याचा सांधा अडवतो. हाकणारा फार पुढं बसला की दांड्यांचा भार पाठीवर येतो. फार मागं बसला की दांड्या उचलतात आणि पोटाखालचा पट्टा आवळतो.

उन्हात कष्टाचं काम करताना घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम गाळू शकतो. त्याचा घाम रक्तापेक्षा खारट असल्यानं भरपूर पाणी जाऊनही त्याला तहान जाणवत नाही. तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, हा समज सोडून द्या. पिऊ द्या, आणि अंगावर गार पाणी ओतत राहा. ऊन रणरणत असताना घाम आटलेला, कोरडा घोडा दिसला तर तो शर्यतीतून काढाच.

सगळ्यात जास्त घोडे खुराकापायी वाया जातात. शर्यत जवळ आली म्हणून दोन दिवस विश्रांती द्यायची आणि हुलगा-हरभरा मात्र तितकाच, उलट वाढवूनच घालायचा. मग पहिल्याच दौडीत पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे आखडतात, घोडा पाय उचलत नाही, लघवी कॉफीच्या रंगाची होते. विश्रांतीच्या दिवशी धान्य निम्म्यावर आणा, कडबा आणि गवत भरपूर ठेवा. आखडलाच, तर ‘चालवला की मोकळा होईल’ म्हणून ओढू नका. जागेवर थांबवा, गाडी सोडा, डॉक्टर तिथंच बोलवा.