कोसबाडच्या टेकडीवर, गुरांमागच्या शाळेच्या शोधात

डहाणू रोडला उतरून रिक्षाने कोसबाडला निघालं की चिकूच्या वाड्या लागतात, मग चढ. पाऊस नुकताच उघडला होता आणि उतारावर गवत चांगलंच माजलं होतं. ते कुरण मला डोळ्यांनी पाहायचं होतं. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली ती इथलीच.

मारिया मॉन्टेसरीबाईंनी आपल्या बालशिक्षण पद्धतीची पहिली बालशाळा १९०७ साली काढली ती रोमच्या गरीब वस्तीत. आपल्याकडे मात्र ही पद्धत रुजली शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांत. गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून ती कोळून प्यायलेल्या ताराबाई १९४५ साली इथून जवळच्या बोर्डीला आल्या, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. अनुताई त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. महागडं लाकडी साहित्य खेड्यात कुठून आणणार? शंखशिंपले, बिया, पानं, पिसं, माती यांवर भागवलं. वस्तीतली मुलं येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे १९७५ साली सरकारी योजनेने अंगणवाडी देशभर पोचवली.

दोघींचा मुक्काम त्याच्या कितीतरी आधीच बोर्डीहून कोसबाडला हलला होता. साहित्य बदलणं त्या मानाने सोपं. या दोघींनी शाळेची घंटा सोडून दिली, ते मला फार मोठं वाटतं. पोरगा गुरांमागे जातो? मग गुरं चरतात तिथेच, झाडाखाली वर्ग. पोरीच्या कडेवर धाकटं भावंड आहे? मग शाळेलाच पाळणाघर जोडा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली ती यातूनच. घरच्या कामाला त्यांनी शिक्षणाचा वैरी मानलं नाही.

जवळच्या एका पाड्यावरच्या अंगणवाडीत थोडा वेळ बसले. पाचेक वर्षांच्या एका मुलीला मोजायला चिंचोके दिले होते. तिने मोजले नाहीत. आधी एक चौकोन मांडला, त्याच्या आत दुसरा, आणि चारही कोपऱ्यांत एकेक चिंचोका उभा रोवला. लग्नात घरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, तो तिने मांडला होता. सेविका पाड्यातलीच. तिने चौक मोडला नाही. शेजारी बसून वारलीतच विचारलं, एका बाजूला किती? पोरगी बोट ठेवत मोजू लागली.

पहिलीत गेल्यावर हिच्या हातात प्रमाण मराठीचं पुस्तक पडेल. तिथे ही गप्प बसू नये, याची मला काळजी वाटते.

“दिवाळी झाली की हिच्या घरचे भट्टीवर जातील, ताई,” सेविका म्हणाली. वीटभट्टीवरच्या मुलांसाठी याच पट्ट्यात विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात भोंगाशाळा, म्हणजे भट्टीवरच्या झोपडीत भरणाऱ्या शाळा, चालवल्या. म्हणजे शाळा भट्टीवर नेता येते, हे इथल्याच लोकांनी करून दाखवलं आहे. भट्टी पेटेल तिथे वर्ग भरला पाहिजे, आणि तो या सेविकेसारखी वारली बोलणारी बाईच घेईल, याची सोय सरकारने दिवाळीआधी करायला हवी.