स्वस्तातला वाय-फाय राऊटर घेण्याआधी: चिऱ्याच्या घरातला माझा अनुभव

चिपळूणजवळच्या आमच्या गावातलं घर जांभ्या चिऱ्याचं आहे. पुढे ओटी, मग माजघर, त्याला लागून स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागे दादाची खोली. फायबरची वायर रस्त्याकडून येते, म्हणून केबलवाल्याने त्याचा वाय-फायचा डबा ओटीवरच, दाराशेजारी बसवलेला. ओटीवर बसलं की इंटरनेट झकास, माजघरात जेमतेम, आणि मागच्या खोलीत दादाची ऑफिसची मीटिंग सुरू झाली की समोरच्याचा आवाज तुटत तुटत येणार. प्लॅन १०० एमबीपीएसचा होता. दादाने गावात राहूनच नोकरी करावी, आईबाबांजवळ कुणीतरी असावं, ही आम्हा सगळ्यांची मनापासूनची इच्छा. ते सगळं त्या मागच्या खोलीत नेट पोचण्यावर अडलेलं. बजेट अडीच-तीन हजारांचं.

दुकानात जाण्याआधी मी एक गोष्ट केली आणि ती प्रत्येकाने करावी असं मला कळकळीने वाटतं. लॅपटॉप लॅन केबलने थेट ओटीवरच्या डब्याला जोडला आणि स्पीड तपासला. ९० च्या वर आला. म्हणजे लाइन ठणठणीत होती. गडबड होती ती घरातल्या घरात. केबलवरच वीस-पंचवीस आला असता, तर जगातला कुठलाही राऊटर आणून उपयोग नव्हता. मग आधी केबलवाल्यालाच फोन लावायला हवा होता.

त्यानंतर फोनवर वाय-फायची ताकद दाखवणारं एक फुकटचं अॅप घेऊन घरभर फिरले. ही ताकद डीबीएममध्ये आणि उणे आकड्यात दिसते. शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली. उणे ५० म्हणजे उत्तम. व्हिडिओ कॉल नीट चालायला साधारण उणे ६७ च्या आसपास तरी हवी. उणे ८० च्या पलीकडे गेलं की फोनवर एखादी रेघ दिसते, पण काम होत नाही. ओटीवर उणे चाळीसच्या घरात, माजघरात सत्तरच्या आसपास आणि दादाच्या टेबलावर उणे ८३. त्याच अॅपमध्ये हेही दिसलं की वाय-फायच्या नेहमीच्या दोन बँडपैकी, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांपैकी, केबलवाल्याचा डबा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, ५ गिगाहर्ट्झ त्यात नाहीच.

चिऱ्याच्या भिंतीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण शहरातल्या फ्लॅटवर बेतलेले सल्ले आमच्याकडे तंतोतंत लागू पडत नाहीत. चिरा जाड असतो आणि सच्छिद्र असतो. पावसाळ्यात भिंत ओल धरते, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. दादा म्हणायचा, "मे महिन्यात एवढा त्रास नव्हता," त्यात तथ्य असणार. ओटी ते मागची खोली या वाटेत अशा दोन भिंती आहेत. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून त्यातल्या त्यात बऱ्या जातात, ५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त मिळतो पण भिंत आली की त्या लवकर दमतात.

मग राऊटर बघायला लागले. खोक्यावर सगळ्यात मोठा छापलेला आकडा असतो: एन३००, एसी७५०, एसी१२००, एएक्स१५००. दोन बँडच्या राऊटरवर हा आकडा दोन्ही बँडच्या कमाल वेगांची बेरीज करून, वर गोळाबेरीज करून लिहिलेला असतो. एसी१२०० म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७. आपला फोन एका वेळी एकाच बँडवर असतो, त्यामुळे १२०० हा वेग एका फोनला कधीच मिळत नाही. शिवाय ते २.४ वरचे ३०० मिळायला ४० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनल, म्हणजे बँडमधली तेवढी रुंद गल्ली, लागतं. बरेचसे फोन २.४ वर २० मेगाहर्ट्झवरच बोलतात. तिथे दोन अँटेनांचा हिशेब १४४ वर येतो, आणि प्रत्यक्षात हातात पडतो तो त्याच्याही निम्मा. म्हणून खोक्यावरचा मोठा आकडा बाजूला ठेवून मी दोन्ही बँडचे आकडे वेगवेगळे लिहून काढले.

वहीत रकाने आखले. २.४ चा वेग, ५ चा वेग, मागचे पोर्ट, अॅक्सेस पॉइंट मोड (राऊटरने फक्त वाय-फाय पसरवायचं, बाकी कारभार डब्याकडेच) आहे का, अॅडाप्टर किती व्होल्टचा, वॉरंटी किती. चार मॉडेलं शेवटपर्यंत राहिली: डी-लिंक डीआयआर-६१५, टीपी-लिंकचे आर्चर सी२० आणि सी६, आणि वाय-फाय ६ वाला, म्हणजे वाय-फायच्या पुढच्या पिढीचा, आर्चर एएक्स१०.

डीआयआर-६१५ सगळ्यात आधी खोडला. साधा, टिकाऊ, गावोगावी दिसणारा राऊटर, पण फक्त २.४ वर चालणारा. आमच्याकडे नेमकं तेच होतं. ज्यांचा प्लॅन ३०-४० चा आहे आणि घर दोन खोल्यांचं आहे त्यांना तो आजही पुरेल, पण नवीन पैसे घालून एका बँडचा राऊटर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सी२० किमतीत बसत होता, दोन्ही बँडही होते. तो मागे पडला पोर्टमुळे. त्याचे पोर्ट १०/१०० चे आहेत, म्हणजे केबलमधून कमाल १०० एमबीपीएस, आणि प्रत्यक्षात ९४-९५. आज प्लॅन १०० चा आहे म्हणून चालेल, पण उद्या केबलवाल्याने त्याच पैशात १५० किंवा २०० चा प्लॅन दिला तर राऊटरच्या तोंडाशीच तो अडणार. ५ गिगाहर्ट्झवर ४३३ लिहिलेला राऊटर आणि मागे १०० चा पोर्ट, ही जोडी स्वस्त राऊटरमध्ये सर्रास दिसते. मोठ्या अक्षरात वाय-फायचा वेग असतो आणि पोर्टची माहिती खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात. तिथे 'गिगाबिट' हा शब्द शोधायचा. 'फास्ट इथरनेट' लिहिलं असेल तर तो १०० चाच.

चिपळूणच्या बाजारात एका दुकानात गेले तेव्हा दुकानदारांनी मनापासून चार-पाच खोकी काढून दाखवली. "ताई, हा घ्या. चार अँटेना आहेत. चिऱ्याच्या घराला असाच लागतो."

मी विचारलं, "दोन अँटेनावाल्यापेक्षा याची रेंज किती जास्त?"

"अँटेना जास्त म्हणजे रेंज जास्त, ताई."

हे बहुतेक सगळीकडे ऐकायला मिळतं, म्हणून जरा खुलासा करते. राऊटरने किती ताकदीने प्रक्षेपण करायचं याला सरकारी मर्यादा आहे आणि ती सगळ्या कंपन्यांना सारखी. चार अँटेना बहुतेक वेळा दोन २.४ साठी आणि दोन ५ साठी अशा वाटलेल्या असतात. आणि मुख्य म्हणजे संभाषण दोन्ही बाजूंनी चालतं. राऊटरचा आवाज मागच्या खोलीत पोचला तरी फोनचं उत्तर दोन भिंती ओलांडून राऊटरपर्यंत परत यावं लागतं, आणि फोनची ताकद त्याच्या छोट्या बॅटरीइतकीच. राऊटर कितीही दणकट घेतला तरी हा परतीचा रस्ता फारसा सुधारत नाही. आम्हाला राऊटर दादाच्या खोलीजवळ न्यायला हवा होता, आणि हे कळल्यावर माझी सगळी तुलनाच बदलली. बजेटमध्ये आता राऊटरबरोबर केबलही बसवायची होती.

एका भावाने रिपीटर, म्हणजे मधे ठेवून वाय-फाय पुढे पाठवणारं यंत्र, सुचवला होता. साधा एका बँडचा रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुढे बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. माजघरात मुळात मिळत होतं तेच कमी. त्याचं निम्मं करून दादाच्या मीटिंगा काही चालल्या नसत्या. ज्यांना केबल टाकणं शक्यच नाही त्यांच्यासाठी तो ठीक.

राहिले सी६ आणि एएक्स१०. दोघांचेही पोर्ट गिगाबिट. २.४ वर दोघांचा वेग ३००. ५ वर सी६ चा ८६७, एएक्स१० चा १२०१. वाय-फाय ६ चा खरा फायदा एकाच वेळी खूप उपकरणं असतील तर होतो, आणि त्याचा वरचा वेग सिग्नल अगदी स्वच्छ असतानाच मिळतो. मध्ये चिऱ्याची भिंत आली की दोघेही खालच्या पायरीवर येतात. आमच्या घरात दादाचा ऑफिसचा लॅपटॉप वाय-फाय ५ वाला, आईचा फोन फक्त २.४ वाला. वाय-फाय ६ चा एकच फोन, तो माझा, आणि मी तिथे सुट्टीपुरती. किमतीतला फरक तेव्हा इतका होता की त्यात अख्खी केबल आणि तिच्यावरची पीव्हीसीची पट्टी येत होती. मी सी६ घेतला. हाच फरक चार-पाचशेचा असता तर एएक्स१० घेतला असता, कारण राऊटर पाच-सहा वर्षं वापरला जातो.

विकत घेताना आणखी एक पाहिलं. एकाच मॉडेलच्या नावाखाली वेगवेगळी व्हर्जन येतात. तळाच्या स्टिकरवर व्ही२, व्ही३ असं लिहिलेलं असतं, आणि आतली चिपसुद्धा वेगळी असू शकते. कंपनीच्या साइटवर त्याच व्हर्जनचं फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) बघायचं आणि शेवटचं अपडेट कधी आलंय ते पाहायचं. वर्षानुवर्षं अपडेट नसलेला राऊटर कितीही स्वस्त मिळाला तरी मी घरात ठेवणार नाही. बँकेचे सगळे व्यवहार त्याच्यातूनच जातात.

केबलच्या बाबतीत दुकानदारांचे खरंच आभार मानायला हवेत. त्यांनी कॅट ६ प्रकारच्या दोन लॅन केबल पुढे ठेवल्या, दिसायला एकसारख्या, किमतीत बराच फरक. त्यांनी स्वतःच ब्लेड काढलं आणि स्वस्त केबलच्या आतली तार हलकेच खरवडली. वरचा तांबूस रंग गेला आणि आत चांदीसारखी पांढरी तार दिसली. "हे अॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. आमच्याकडच्या दमट हवेत टोकाला गंजतं." दुसरी खरवडली, ती आतपर्यंत तांबडीच. मी तांब्याची घेतली. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, आम्हाला त्याच्या चौथाईही लागणार नव्हती. उंदरांसाठी वरून पीव्हीसीची पट्टी.

अॅडाप्टरचा रकाना का ठेवला, तर पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाणं रोजचंच. राऊटरसाठीचे छोटे यूपीएस मिळतात, पण ते बहुतेक १२ व्होल्टचे असतात. काही छोटे राऊटर, जसा टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन, ९ व्होल्टवर चालतात. त्यांना १२ चा यूपीएस लावता येत नाही. आमचा राऊटर आणि केबलवाल्याचा डबा दोन्ही १२ चे निघाले. लक्षात ठेवायचं ते हे की यूपीएस दोघांनाही हवा. नुसत्या राऊटरला लावला तर वाय-फाय दिसत राहतं आणि नेट मात्र बंद.

घरी आल्यावर जोडणी सोपी होती. फायबरचं लॉगिन ओटीवरच्या डब्यात आधीच भरलेलं होतं, त्यामुळे नवीन राऊटर अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकला. तसं न करता जोडला असता तर घरात दोन वेगवेगळी नेटवर्क झाली असती. दोन्हीकडे वाय-फायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला, म्हणजे आई फोन घेऊन ओटीवरून आत आली की तो बहुतेक वेळा आपोआप जवळचा राऊटर धरतो. २.४ वर डब्याला चॅनल १ दिलं आणि नव्या राऊटरला ११, कारण १, ६ आणि ११ ही एकमेकांवर न चढणारी चॅनलं. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिन वापरून पासवर्डशिवाय जोडायची सोय) बंद केलं, राऊटरचा अॅडमिन पासवर्ड बदलला.

जागेवरून मात्र घरात चर्चा झाली. आईचं म्हणणं, माजघराच्या मागच्या भिंतीतला कोनाडा रिकामा आहे, तिथे ठेवा, दिसायलाही बरं. ठेवून बघितलं. दादाच्या टेबलावर उणे ७५. कोनाडा म्हणजे तिन्ही बाजूंनी चिराच. मग बाबांनी स्टूल घेतलं आणि राऊटर वर तुळईला, दादाच्या खोलीच्या दारासमोर येईल असा बांधला. तिथून लहरी दाराच्या चौकटीतून सरळ आत जातात. उणे ५९. तेव्हाच खिळे ठोकले.

आता दादाच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झवर ८०-८५ चा स्पीड मिळतो, दार लावलं की थोडा कमी. मीटिंगमध्ये आवाज तुटत नाही. परड्यात विहिरीपाशी अजूनही काही पोचत नाही, आणि तिथे कुणाला हवंही नाही.

हे ऐकून गुहागरच्या काकांनीही सी६ मागवायला सांगितला होता. त्यांना म्हटलं, आधी डब्याला लॅपटॉप जोडून बघा आणि डबा कुठला आहे त्याचा फोटो पाठवा. फोटोत दिसलं की त्यांचा डबा मुळातच दोन बँडचा आहे, गिगाबिट पोर्टचा आहे आणि टीव्हीच्या मागे लोखंडी कपाटाला चिकटून ठेवलेला आहे. केबलवाल्याकडून त्यांनी तो हलवून जिन्याच्या वळणावर लावून घेतला. राऊटर अजून मागवलेला नाही.