पिवळ्या फलकाखालची लहान पाटी

ऑस्ट्रेलियातून भारतात पाठवल्या जाणाऱ्या छायाचित्रांमध्ये कांगारूच्या फलकाचे एक छायाचित्र हमखास असते. कोपऱ्यावर उभा केलेला पिवळा चौकोन, त्यावर उडी घेणारी काळी आकृती आणि शेजारी हसतमुख पाहुणे मंडळी. विमानतळावरील दुकानांत हाच फलक फ्रिजवरचे चुंबक, किल्ल्यांची साखळी आणि टी-शर्ट अशा रूपांत विकला जात असल्यामुळे त्याकडे पाहताना गंमतच अधिक वाटते. मात्र गाडीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचे लहान घर, जोडून लांबचे रस्ते कापायला लागल्यापासून माझी नजर त्या प्राण्याच्या खाली जाऊ लागली. मुख्य फलकाखाली पुष्कळदा एक आडवी, लहान पाटी असते आणि तिच्यावर किलोमीटरचा आकडा किंवा दिवसाची वेळ लिहिलेली असते. वाहन चालवणाऱ्याच्या कामाचा मजकूर तो आहे. या देशात कांगारू आहेत, एवढेच सांगण्यासाठी कोणी खांब रोवत नाही.

याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना देशाच्या दक्षिणेकडील नलारबॉरच्या कोरड्या, विस्तीर्ण मैदानात पाहायला मिळतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातील नॉर्समनपासून दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट ऑगस्टापर्यंत जाणारा आयर महामार्ग सुमारे १,६६० किलोमीटर लांबीचा असून तो संपूर्ण डांबरी व्हायला १९७६ साल उजाडले. त्याच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातील टप्प्यात उंट, वोंबॅट आणि कांगारू अशा तीन आकृत्या एकत्र दाखवणारा फलक असून ‘पुढील ९६ किलोमीटर’ अशी सूचना त्यासोबत आहे. छायाचित्रांत तो कोरा करकरीत दिसतो; जवळ गेल्यावर मात्र खांबावर आणि कडेवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी लावलेले स्टिकर, खिळ्याने ओरखडलेली नावे आणि उन्हाने फिकी पडलेली पिवळी झाक दिसते. आम्ही थांबलो तेव्हा आमच्या आधी दोन कॅरॅव्हॅन तेथे उभ्या होत्या आणि छायाचित्रासाठी चक्क रांग लागली होती. पुढचे ९६ किलोमीटर म्हणजे पुण्याहून लोणावळ्याच्याही पुष्कळ पुढे जाईपर्यंत सावध राहायचे आहे, हा हिशेब त्या रांगेत फारसा कोणी करत नव्हते.

या तीन प्राण्यांपैकी उंटाचे तेथे असणे मराठी वाचकाला सर्वांत कोड्यात टाकणारे आहे, आणि त्याच्याशी आपला एक जुना, दूरचा का होईना, संबंधही आहे. ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे पार करायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या १८६० च्या शोधमोहिमेसाठी जॉर्ज लँडेल्स नावाच्या गृहस्थाने हिंदुस्थानात उंट खरेदी केले आणि त्यांपैकी २४ उंट त्यांच्या राखणदारांसह कराचीहून जहाजाने मेलबर्नला आणले. सिंध प्रांत त्या काळी मुंबई इलाख्याचा भाग होता. म्हणजे ते उंट आपल्याच इलाख्याच्या बंदरातून निघाले. पुढील काही दशकांत हजारो उंट आणि त्यांना हाकणारी माणसे येथे आली. ही माणसे अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब अशा निरनिराळ्या भागांतली होती, पण इथल्या लोकांनी सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ ठरवून टाकले. वाळवंटातील तारायंत्राचे खांब, खाणींचे सामान, मेंढपाळांची लोकर हे सारे त्यांनी वाहून नेले. मोटारी आल्या तेव्हा उंट निरुपयोगी ठरले. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९२५ साली मोकाट उंट मारण्याची मुभा देणारा कायदा केला, तरी कित्येक मालकांनी आपली जनावरे गोळी घालण्याऐवजी रानात सोडून दिली. त्यांची संख्या पुढे इतकी वाढली की २००९ ते २०१३ या काळातील सरकारी मोहिमेत सुमारे १,६०,००० उंट कमी करण्यात आले. फलकावरचा उंट हा असा माणसानेच आणून सोडलेला आहे. रस्त्यावर तो सर्वांत घातक ठरतो, कारण मोटारीची धडक त्याच्या लांब पायांना बसते आणि अनेक मणांचे धड सरळ समोरच्या काचेवर येते.

वोंबॅटची गोष्ट उलट आहे. नलारबॉरच्या परिसरात आढळणारा दक्षिणी केसाळ-नाकाचा वोंबॅट हा दक्षिण ऑस्ट्रेलियाचा राज्यप्राणी आहे. दिवसा बिळात राहून रात्री चरायला निघणारा हा प्राणी २५-३० किलो वजनाचा, बुटका आणि कमालीचा घट्ट बांध्याचा असतो. अंधारात तो डांबराच्या रंगात मिसळून जातो. लहान गाडी त्याच्यावर आदळली तर खालचे यंत्र निकामी होऊ शकते. कांगारू मात्र रस्त्याकडे आपणहून येतात. कोरड्या प्रदेशात पडलेला थोडासा पाऊस डांबरावरून वाहून कडेच्या मातीत मुरतो आणि मैलोन्‌मैल पिवळ्या पडलेल्या माळात हिरव्या गवताची एक अरुंद पट्टी फक्त रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उरते. संध्याकाळी कांगारू ती चरायला येतात. दिव्यांचा झोत पडला की ते कोणत्या दिशेला उडी घेतील याचा नेम नसतो, आणि एक गेला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकावा तर त्याच्या मागे दुसरा हमखास असतो.

कॅरॅव्हॅन ओढणाऱ्याला हे सारे अधिक जाचते. दोन टनांच्या आसपासचे वजन मागे असताना गाडी थांबायला नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त अंतर लागते, आणि प्राणी चुकवण्यासाठी स्टिअरिंगचे चक्र झटकन फिरवले तर मागचे घर डोलू लागून दोन्ही वाहने उलटण्याचा धोका असतो. म्हणून येथील अनुभवी मंडळी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावतात: सरळ रेषेत ब्रेक दाबा, गाडी वळवू नका. आपल्याकडे कुत्रे आडवे आले की हात आपोआप चक्राकडे जातो. ती सवय मोडायला मला वेळ लागला. दुपारी चारच्या सुमारास मुक्काम गाठावा, हा दुसरा नियम. तिसरी सोय म्हणजे गाडीतला लहान रेडिओ. मालमोटारींचे चालक चाळीस क्रमांकाच्या वाहिनीवर बोलत असतात, आणि ‘टेकडीच्या पलीकडे रस्त्यावर गुरे आहेत’ यासारखी त्यांची एका वाक्याची बातमी कोणत्याही फलकापेक्षा ताजी असते. एका रोडहाऊसमध्ये, म्हणजे महामार्गाकडेच्या पेट्रोलपंप-खानावळीत, कॉफी देणाऱ्या बाईंनी आम्हाला कांगारूंविषयी अवाक्षरही न सांगता गरुडांविषयी बजावले होते. मेलेल्या जनावरावर बसलेला येथील मोठा गरुड पोट भरल्यामुळे जड झालेला असतो, त्याला वर उठायला वेळ लागतो आणि तो पुष्कळदा थेट येणाऱ्या गाडीच्या दिशेनेच उडतो. त्याचा फलक मात्र मला त्या वाटेवर कुठे दिसला नाही.

याच महामार्गावर विमानाचे चित्र असलेले फलकही आहेत. काही ठिकाणी रस्त्याचाच सरळ तुकडा फ्लाइंग डॉक्टर या विमानातून उपचार पोहोचवणाऱ्या सेवेची धावपट्टी म्हणून राखलेला असून त्यावर पांढरे जाड पट्टे रंगवलेले आहेत. हा प्राण्यांचा विषय नव्हे, पण प्राण्याला धडकलेल्या माणसाला नेण्यासाठी याच पट्ट्यांवर विमान उतरू शकते, हे जाणून घेतलेले बरे.

क्वीन्सलँडच्या उत्तरेकडे ओले जंगल लागते आणि फलकांचा सूर बदलतो. तेथे मुख्य पाहुणा कॅसोवरी हा न उडणारा, माणसाच्या उंचीचा, निळ्या मानेचा पक्षी आहे. जंगलातील मोठाली फळे सबंध गिळून त्यांच्या बिया दूरवर टाकण्याचे काम तो करतो. अंडी उबवणे आणि पिल्ले वाढवणे ही जबाबदारी सर्वस्वी नराची असते. त्यामुळे गाडीखाली एक नर सापडला तर त्याच्यामागून चालणारी पट्टेरी पिल्लेही उघड्यावर पडतात. मिशन बीचच्या भागात फलकावर ‘नुकतेच येथून गेले’ अशा अर्थाची सूचना आढळते, आणि ‘वेगामुळे कॅसोवरी मेले आहेत’ असे सरळ शब्दांत सुनावणारे फलकही आहेत. डेनट्रीच्या जंगलातील एका जोडफलकावर तर कोणा रसिकाने हात फिरवलेला आहे. वर कॅसोवरीचे चित्र आणि खाली गतिरोधकाचे. गतिरोधकाच्या उंचवट्याला त्याने चोच आणि पाय जोडून आडवा पडलेला पक्षी केला आणि दोन्हींना ‘आधी’ व ‘नंतर’ अशी शीर्षके दिली. सरकारी फलक विद्रूप करणे गैर आहे हे मान्य करूनही मी म्हणेन की, इतका परिणामकारक फलक कोणत्याही खात्याच्या चित्रकाराला सुचला नसता.

मगरींचे फलक रस्त्यापेक्षा पाण्याच्या कडेला अधिक दिसतात आणि त्यांवर इंग्रजीसोबत परक्या भाषांतील इशारेही असतात. खाऱ्या पाण्यातील मगरींना नॉर्दर्न टेरिटरीत १९७१ पासून कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हापासून त्यांची संख्या भरपूर वाढली आहे. तेथे काठावर भांडी घासायची नाहीत, मासे साफ करायचे नाहीत आणि रोज एकाच जागी पाण्यात उतरायचे नाही. नदी दिसली की पाय बुडवायला धावणाऱ्या आपल्या लोकांना हे विशेष सांगावे लागते.

टास्मानिया बेटावर कॅरॅव्हॅन बोटीतून न्यावी लागते. तेथील फलकांवर टास्मानियन डेव्हिल हा लहान कुत्र्याएवढा, पोटाला पिशवी असणारा मांसाहारी प्राणी असतो, काही किनाऱ्यांवर पेंग्विन असतात, आणि खालच्या पाटीवर ‘सूर्यास्त ते सूर्योदय’ ही वेळ जागोजागी भेटते. डेव्हिल हा मेलेल्या प्राण्यांवर जगणारा असल्यामुळे तो रस्त्यावर मरून पडलेला वॉलबी, म्हणजे कांगारूचा लहान भाऊबंद, खायला येतो आणि तेथेच स्वतः चिरडला जातो. १९९६ साली प्रथम लक्षात आलेल्या चेहऱ्यावरील कर्करोगाने ही जात आधीच खचली आहे. म्हणूनच मेलेले जनावर रस्त्याच्या मधोमध न ठेवता, सुरक्षित असेल तर, ओढून दूर टाकावे असे तेथे सांगितले जाते. व्हिक्टोरियातील फिलिप बेटावर तर फलकाच्या पुढचे पाऊल टाकलेले आहे. लांब स्थलांतराला प्रथमच निघालेली शिअरवॉटर या समुद्रपक्ष्यांची पिल्ले उजेडाने भरकटून रस्त्यावर उतरतात, म्हणून त्या हंगामात बेटाला जोडणाऱ्या पुलावरील दिवे बंद केले जातात. ह्यूम महामार्गावर खारीसारख्या तरंगत उडणाऱ्या ग्लायडरांसाठी रस्त्यावरून दोरांचे पूल टांगलेले आहेत. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या आपल्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वाघांसाठी रस्ताच उचलून खालून वाट ठेवलेली आहे. ती व्यवस्था मला या सर्वांहून भक्कम वाटते.

एक खूण मात्र कोणत्याही खात्याची नसते. रस्त्याकडेला मरून पडलेल्या कांगारूच्या अंगावर कधी कधी गुलाबी किंवा पिवळ्या रंगाची फुली फवारलेली दिसते. पहिल्यांदा ती पाहून मला विचित्र वाटले होते. स्वयंसेवकांनी मादीच्या पोटाची पिशवी तपासली आहे, आत पिल्लू उरलेले नाही, तेव्हा पुन्हा थांबू नका, असा तिचा अर्थ होतो. आई मेल्यानंतरही पिशवीतले पिल्लू काही काळ जिवंत राहू शकते. फुली नसेल आणि थांबण्यासारखी जागा असेल, तर गाडी रस्त्याबाहेर नीट उभी करून पाहायला हरकत नाही. अगदी लहान पिल्लू आचळाला घट्ट चिकटलेले असते, त्याला ओढून काढायचे नसते. जरा मोठे पिल्लू सुटे सापडले तर त्याला मऊ कापडात गुंडाळून उशीच्या खोळीत ठेवावे, अंधार आणि ऊब द्यावी, मुलांच्या हाती कुरवाळायला देऊ नये आणि त्या राज्यातील वन्यजीव बचाव संस्थेला फोन करावा. कितीही कळवळा आला तरी गाईचे दूध पाजू नये. ते त्याला पचत नाही.