उठायचे तेवढे राहते

ताईने काल फोनवर सहज विचारले, "हल्ली चित्रं काढत नाहीस का गं?" आणि वेळ मिळत नाही असे सांगून मी मोकळी झाले. ते खोटे रात्रभर टोचत राहिले, कारण वेळ होता. संध्याकाळचे दोन तास मोबाइलवर बोट फिरवण्यात गेले होते आणि रंगपेटी हात लांबवला तर मिळेल इतकी जवळ होती.

आवडच मेली असावी, असे मी गेले काही महिने धरून चालले होते. मार्चनंतरचे बाकीचे इथे लिहायचे नाही. पण आज पहाटे स्वतःवर चिडूनच वही उघडली, आणि ओला निळा कागदावर पसरताना जीव अगदी पूर्वीसारखा सुखावला. मग हरवले आहे ते नेमके काय?

मेंदूतल्या डोपामिनला सरसकट 'आनंदाचे रसायन' म्हणतात. मीही म्हणत आले. परंतु १९८९ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या उंदरांच्या मेंदूतील डोपामिन जवळजवळ नाहीसे केले होते, ते समोरच्या अन्नाला तोंड लावत नसत, आणि तरीही जिभेवर गोड पाणी सोडले की धडधाकट उंदरांसारखेच मिटक्या मारत. गोडी शाबूत होती. गेली होती ती ओढ. हे वाचून मला रडू आले, आणि मग लगेच संशयही आला, की आळसाला भारदस्त नाव मिळाल्याचा तर हा आनंद नव्हे? (माझा मेंदू कोणी उघडून पाहिलेला नाही.)

त्याहून अडचणीत आणतात ते जॉन सॅलामोन या दुसऱ्या संशोधकाचे उंदीर. मेंदूच्या न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बेन्स या भागातले डोपामिन घटवल्यावर ते कुंपण चढून जास्त दाणे मिळवण्याऐवजी बिनकष्टाच्या वाटेवरचे थोडे दाणे पसंत करत. मात्र ती दुसरी वाट रिकामी ठेवली, की तेच उंदीर निमूटपणे कुंपण चढत. म्हणजे चढण्याची ताकद होती, कष्टाचा हिशेब तेवढा बदलला होता.

माझी बिनकष्टाची वाट या क्षणीही उशाशी उजळते आहे. ती रिकामी करायची तर मोबाइल रोज संध्याकाळी वरच्या खोलीत ठेवायला हवा, हे मला पटले आहे, पूर्णपणे पटले आहे; फक्त तो वर नेऊन ठेवायलाही उठावेच लागते.