आधी हात पोचतो का ते बघा

"जुन्या मोटरहोमला कोणती बॅटरी घ्यावी? आता लिथियमच ना?" इथे मिशिगनमध्ये आमच्या ओळखीत कुणी सेकंडहँड मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतली की आठवडाभरात हा प्रश्न माझ्याकडे येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. बॅटरी नंतर निवडा. आधी गाडीपाशी जा, ती नेमकी कुठे बसवलीय ते शोधा आणि तिच्या प्रत्येक झाकणापर्यंत तुमचा हात पोचतो का ते बघा.

आमची गाडी १९९४ सालची, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. इंजिनाची बॅटरी बॉनेटखाली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण दिवे, पाण्याचा पंप आणि फर्नेसचा (गाडी उबदार ठेवणाऱ्या गॅसच्या हीटरचा) पंखा चालवणाऱ्या दोन बॅटऱ्या बनवणाऱ्याने दारातल्या पायरीखाली कोंबल्या होत्या. पायरीची फळी उचलली की पुढची दिसायची. मागची अंधारात, आणि तिच्यावर जेमतेम चार बोटं जागा. पाणी घालायचं तर एका हातात नवऱ्याचा दाढीचा आरसा, दातांत टॉर्च आणि डिस्टिल्ड वॉटरची नळी नुसत्या अंदाजाने. हे महिन्या-दोन महिन्यांनी करायला हवं होतं. मी वर्षातून एकदा करायचे, आणि खरं सांगायचं तर मागच्या बॅटरीचं तेही अर्धवट.

ऑक्टोबरात ते भोवलं. लेक सुपीरियरच्या काठी, पिक्चर्ड रॉक्सजवळ, वीज नसलेल्या जागी मुक्काम होता. पहाटे तीनला गॅस डिटेक्टर किरकिरायला लागला. मुलांना पांघरुणांसकट उचलून बाहेर काढलं. गॅसबिस काही नव्हता; व्होल्टेज पडलं म्हणून तो बिचारा ओरडत होता. टाकीत प्रोपेन भरपूर, पण पंखा फिरल्याशिवाय फर्नेस पेटत नाही आणि पंखा फिरवायला वीज नाही. उरलेली रात्र चौघांनी एकाच पलंगावर काढली.

घरी येऊन मागची बॅटरी बाहेर काढली तेव्हा आतल्या शिशाच्या प्लेटा उघड्या पडलेल्या. एकदा अशा वाळल्या की वरून कितीही पाणी ओता, तेवढा भाग गेला तो गेलाच. त्यात दोन्ही बॅटऱ्या समांतर जोडलेल्या, त्यामुळे मरायला टेकलेली मागची धडधाकट पुढचीलाही रिकामी करत होती. पाणी उडवायचं काम जुन्या कन्व्हर्टरचं, म्हणजे घरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचं. गाडी घरी प्लगला लावून ठेवली की बॅटरी भरलेली असो वा नसो, तो महिनोन्महिने साधारण १३.८ व्होल्टचा एकच सूर लावून बसायचा. आता टप्प्याटप्प्याने चार्ज करणारा बसवलाय. बॅटरी भरली की तो आपणहून खाली येतो.

नव्या बॅटऱ्या गोल्फ कार्टच्या घेतल्या. प्रत्येकी ६ व्होल्ट, दोन एकापुढे एक जोडल्या की १२. क्षमता साधारण २२५ अँपिअर-अवर. त्यांच्या प्लेटा जाड असतात, रोज बऱ्याच रिकाम्या होऊन पुन्हा भरण्यासाठीच बनवलेल्या. मात्र त्या उंच असतात, पायरीखाली मावेनात. तेव्हा चरफडले होते, पण त्यामुळेच त्या त्या बिळातून बाहेर आल्या. मागच्या चाकांच्या अलीकडे बाहेरून उघडणारा सामानाचा कप्पा होता, तिथे त्यांना हलवलं. अगदी शेपटीकडची डिकी जास्त मोठी होती, पण चाकांच्या मागे आणखी ५५-६० किलो लटकवायला मन धजेना.

कप्प्यात सरकता ट्रे केला. शेजारच्या निवृत्त वेल्डरने लोखंडी अँगल जोडून दिले आणि मजुरी म्हणून चकल्या मागून घेतल्या. ट्रेचे चॅनल वजनाच्या तिपटीचे घेतले, कारण गाडी उभी असतानाचं वजन आणि खड्ड्यात आदळतानाचं वजन एक नसतं. खिटी लावायची राहिली होती. पहिल्याच वळणावर ट्रेने आतून दारावर धडक दिली. सुदैवाने आमच्याच गल्लीत.

या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, आणि आमचा फ्रीज गॅसच्या ज्योतीवर चालतो. म्हणून ट्रेवर झाकणाची बंद पेटी, वरच्या बाजूने बाहेर जाणारी नळी (हायड्रोजन वर चढतो), आणि हवा आत यायला खाली एक भोक. ट्रे पूर्ण ओढला तरी ताण पडणार नाही इतकी केबल सैल ठेवली, पत्र्यातून जाते तिथे रबरी कडी आणि पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर फ्यूज. बॅटरीची वीज तोडणारा एक मोठा खटकाही बसवला. गाडी उभी असली तरी गॅस डिटेक्टर थेंबथेंब वीज पीतच असतो, काही आठवड्यांत बॅटरी रिकामी करतो. खटका बंद केला की डिटेक्टरही झोपतो, म्हणून आत कुणी असताना खटका चालूच.

आणि अंगठी, बांगड्या काढून ठेवा. बॅटरीच्या केबल काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना ती शेवटी. मी उलटं केलं, पाना चॅसीला टेकला आणि त्याच्या टोकाचा तुकडाच वितळला. तो पाना अजून हत्यारांच्या पेटीत वरच ठेवलाय.

राहिलं लिथियम. वजनाला निम्म्याहून हलकी, पाण्याची कटकट नाही, बहुतेक सगळी क्षमता वापरता येते. तुम्ही महिनोन्महिने वीज नसलेल्या जागी राहणार असाल तर जरूर घ्या. पण शून्याखाली ती चार्ज केली की कायमची बिघडते; तसं होऊ नये म्हणून आत सर्किट लागतं, वर हीटर लागतो. आमची गाडी हिवाळाभर अंगणात बर्फात उभी असते. शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवली तर इथल्या थंडीत गोठत नाही. रिकामी ठेवली तर उणे १०च्या आसपास फुटू शकते, पण आता भरलीय की नाही हे ट्रे ओढून दोन मिनिटांत कळतं. हिवाळ्यात मी चहाचा कप हातात घेऊनच बघून येते.

पायरीखालच्या खड्ड्यात आता मुलांचे चिखलाचे बूट असतात. ॲसिडने खाल्लेलं एक भोक आहे तळाला. मुद्दाम बुजवलं नाही, पाणी निथळतं त्यातून.