अंगठ्याचं काम

रात्रपाळीच्या सिस्टरांनी इनहेलरचा डबा खळखळ हलवला, व्हेंटिलेटरच्या नळीतल्या स्पेसरवर (फवारा पसरायला जोडलेल्या पोकळ नळकांड्यावर) उलटा बसवला आणि पेशंटच्या छातीकडे बघत राहिल्या. छाती वर यायला लागली तसा डबा दाबला. मग थांबल्या. डबा काढला, पुन्हा हलवला, पुन्हा तेच. असे चार पफ, प्रत्येकात १०० मायक्रोग्रॅम सालब्युटामोल, म्हणजे श्वासाच्या वाटा मोकळ्या करणारं औषध. मी कोपऱ्यात वही घेऊन उभा होतो. वहीत लिहिलं, 'अंगठ्याचं काम आहे. मोटर लावा.' ते पान अजून आहे. आता बघवत नाही.

हे काम आपोआप करणारं यंत्र बनवायला घेतलं. दाबण्याचा प्रश्न लवकर सुटला. डबा दाबायला साधारण तीन-चार किलोचा जोर लागतो. आधी सोलेनॉइड, म्हणजे विजेवर खटकन सरकणारा दांडा, लावला. तो दाबायचा, पण असा दणका द्यायचा की अख्खी नळी हलायची, आणि नळीचं दुसरं टोक माणसाच्या श्वासनलिकेत असतं. तो काढला आणि छोटी सर्व्हो मोटर आणि कॅम, म्हणजे फिरता फिरता डबा दाबणारी उंचवट्याची चकती, आणला. दाबून लगेच सोडायचं हेही तेव्हाच कळलं, कारण डब्याच्या व्हॉल्व्हमधली मापाची कुपी सोडल्यावरच भरते.

वेळ साधणं त्याहून चिवट निघालं. मिनिटाला २० श्वास म्हणजे एका श्वासाला ३ सेकंद, त्यातलं आत घेणं जेमतेम १ सेकंद. सेन्सरला श्वास कळून मोटर हलेपर्यंत त्यातला बराच वेळ जायचा. म्हणून कॅम आधीच डब्याला टेकवून ठेवायला लागलो. रबरी फुफ्फुसावर सगळं झकास चाललं. मग हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर जोडला. तासाभरात नळीत पाणी साचलं, हवा गुळगुळायला लागली, आणि सेन्सरला ती प्रत्येक गुळगुळ श्वास वाटायची. यंत्राने भर उच्छ्वासात पफ मारला आणि औषधाचा ढग बायस फ्लोबरोबर, म्हणजे नळ्यांतून सतत वाहणाऱ्या हवेबरोबर, सरळ बाहेरच्या नळीत गेला. आता प्रवाहाबरोबर दाबही वाढल्याशिवाय कॅम हलत नाही.

पण खरा घाम काढला तो हलवण्याने. अशा डब्यातलं औषध बहुधा प्रोपेलंटमध्ये (फवारा बाहेर ढकलणाऱ्या द्रवात) विरघळलेलं नसतं, नुसतं तरंगत असतं. डबा स्वस्थ ठेवला की ते वेगळं होतं, आणि मग एका पफमध्ये जास्त, दुसऱ्यात कमी. डबा जागेवरच हलवावा तर नळी ओढली जाते. काढून हलवावा तर स्पेसरचं तोंड उघडं पडतं, हवा गळते, व्हेंटिलेटर बोंबलतो आणि पेशंटचा पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब, जातो. सिस्टर हे सगळं एका हाताने करायच्या, दुसऱ्या हाताचं बोट त्या तोंडावर ठेवून! ते बोट माझ्या वहीत नव्हतंच. आमचं यंत्र आता डबा थोडा उचलतं, तोंडावर झडप पडते, डबा मागेपुढे झुलतो आणि परत बसतो. झडपेची रबरी कड अजून अधूनमधून फसते. तीन आकार करून झाले, चौथा चालू आहे.

मागच्या आठवड्यात त्याच सिस्टरांना टेबलावर सगळं चालवून दाखवलं. त्यांनी चारही पफ शांतपणे बघितले आणि विचारलं, "एचएमई फिल्टर काढायचा राहिला असेल तर याला कळतं का?"

श्वासातली ऊब आणि ओल राखणारा हा फिल्टर वाय-पीस (व्हेंटिलेटरच्या दोन नळ्या जुळतात तो तुकडा) आणि पेशंटच्या मध्ये बसतो. काढला नाही, तर इतका वेळ साधून, हलवून, मोजून दिलेलं औषध बहुतेक सगळं त्याच्या जाळीतच अडकतं.

म्हटलं, कळत नाही. पण पडद्यावर 'फिल्टर काढला का?' असं येतं आणि बटण दाबल्याशिवाय यंत्र पुढे जात नाही.

"रात्री तीनला," त्या म्हणाल्या, "आम्ही न वाचताच दाबणार ते."