निम्म्या दरातले ३६ तास

बाबांच्या हिशेबाच्या वहीत ते पान अजून आहे. डावीकडे ‘इथे’, उजवीकडे ‘अमेरिका’, खाली तासाचे दर. मला पायलट व्हायचं होतं, म्हणून गोंदियापासून बारामतीपर्यंतच्या विमान शिकवणाऱ्या शाळांना आम्ही फोन लावले होते. इथे एका इंजिनाच्या विमानाला तासाला साडेतेरा ते पंधरा हजार सांगत होते. तिकडे सेसना १७२ इंधनासकट १५० डॉलर, इन्स्ट्रक्टरचे पैसे वेगळे. रुपयांत धरलं तर फार फरक नव्हताच. तरी मी गेले, ते वेळ वाचवायला. माझी एक मैत्रीण अख्खा पावसाळा इथल्या एका शाळेच्या हँगरबाहेर बसून होती आणि महिन्याला जेमतेम सहा-सात तास उडत होती.

व्हिसा, तिकडची सुरक्षा परवानगी वगैरे विनातक्रार झालं. अ‍ॅरिझोनात आभाळ निरभ्र, उन्हाळ्यात फक्त पहाटे पाचला उठून उडायचं. दहा महिन्यांत २५४ तास झाले.

वहीतली पहिली चूक याच आकड्यात होती. आपल्या डीजीसीएला, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याला, सीपीएलसाठी (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) २०० तास लागतात. अमेरिकेत तिथल्या विमान नियमांच्या पार्ट ६१ खाली शिकलात तर २५० लागतात, पार्ट १४१ च्या मान्य अभ्यासक्रमात १९०. माझी शाळा पार्ट ६१ वाली, आणि आम्ही दोन्ही रकाने २०० ने गुणून मोकळे! तिकडच्या दराने वरचे ५० तास म्हणजे साडेसात हजार डॉलर.

ते भरून काढायचा उपाय शाळेनेच सुचवला, आणि तिथेच मी फसले. तिकडे एक पायलट डोळ्यांवर हूड लावून फक्त उपकरणांवर विमान चालवत असेल, तर शेजारी बाहेर बघणारा सेफ्टी पायलट लागतो, आणि विमानाची जबाबदारी आपल्याकडे घेतली असेल तर तोही तो वेळ पायलट-इन-कमांड (पीआयसी, विमानाचा जबाबदार पायलट) म्हणून लिहू शकतो. तिथल्या नियमात ते बसतं. म्हणजे भाडं निम्मं निम्मं, तास दोघांनाही. आम्ही दोघं ७२ तास असे उडलो, ३६ तास मी हूडखाली आणि ३६ तास तो. मला वाटलं, अर्ध्या पैशात ७२ तास कमावले.

परत आल्यावर डीजीसीएकडे कागद भरले आणि ऑक्टोबरात फाइलवर शेरा आला: सेफ्टी पायलट म्हणून बसलेले तास पीआयसीत धरता येणार नाहीत, ते तारीखवार वेगळे काढून चीफ इन्स्ट्रक्टरच्या सहीचं पत्र जोडा. शेऱ्यात चूक काही नव्हती. पण माझे पीआयसी १२७, त्यातून ३६ गेले की उरतात ९१. आणि लागतात १००.

नऊ तासांचं मला एवढं वाटलं नाही, इथे उडवले असते. पत्राने जीव काढला. शाळेने मला आधी दिलेला तक्ता कंप्यूटरमधून काढलेला, त्यात सगळे पीआयसी एकाच रकान्यात. मी मेल केला. उत्तर आलं, बघतो. आठवड्याने परत मेल, परत बघतो. रात्री साडेनऊला, त्यांची सकाळ धरून, फोन लावायचे. ऑफिसमधली मुलगी फार गोड बोलायची आणि निरोप लिहून घ्यायची. तो निरोप पुढे कुठे जायचा देव जाणे. नोव्हेंबरात कळलं की माझे चीफ इन्स्ट्रक्टर एअरलाइनमध्ये गेले, नवे आलेत, आणि ज्या उड्डाणांच्या वेळी आपण नव्हतो त्यांवर सही करायला ते तयार नाहीत. डिसेंबर नाताळात गेला. जानेवारीत मी स्वतः लॉगबुकातली (उड्डाणांच्या नोंदवहीतली) एकेक ओळ, विमानाचा क्रमांक आणि भाड्याची पावती जुळवून तक्ता केला, पत्राचा मजकूरही मीच लिहिला आणि म्हटलं, फक्त लेटरहेडवर छापा आणि सही करा. ९ फेब्रुवारीला पत्र आलं. सात ओळी आणि मीच केलेला तक्ता. हे मला ऑक्टोबरात सुचायला हवं होतं.

तोपर्यंत दुसरीच पंचाईत झाली. अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत १५ तास उडलेलं असावं लागतं. माझं शेवटचं उड्डाण २८ जुलैचं. नऊच्या जागी पंधरा तास उडवले, साडेचौदा हजारांनी, म्हणजे २,१७,५००. आणि ते ‘निम्म्या दरातले’ तास? ३६ तासांचे पैसे भरले, ३६ तास धरले गेले. पुरा दर!

तुम्ही हिशेब मांडत असाल तर तासाच्या दराशी थांबू नका. बाहेर वेळ हॉब्स मीटरवर मोजतात, इंजिन सुरू असलं की तो पळतो, त्यामुळे टॅक्सीवेवर रांगेत उभे असतानाही पैसे जातात. गर्दीचा विमानतळ महाग पडतो तो असा. दर इंधनासकट आहे का हे लेखी घ्या. बँक पैसे पाठवताना टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो रिटर्न भरल्यावर वळता होतो, पण तोवर अडकलेला असतो. ३०० नॉटिकल मैलांच्या क्रॉस कंट्रीत (लायसन्ससाठी लागणाऱ्या लांबच्या उड्डाणात) दोन वेगळ्या विमानतळांवर फुल स्टॉप लँडिंग करा, म्हणजे उतरून पूर्ण थांबा, चाकं टेकवून लगेच उडणारं टच अँड गो नको, आणि लॉगबुकाच्या शेऱ्यात तसं लिहून घ्या. हो, क्लास वन मेडिकल शाळेला पैसे भरायच्या आधी, हे वर सांगायचं राहिलं. आणि शाळा सोडायच्या आदल्या दिवशी चीफ इन्स्ट्रक्टरसमोर बसून लॉगबुकाच्या पानापानावर सही-शिक्का घ्या, तेव्हा चार माणसं वाट बघत असली तरी उठू नका.

मैत्रिणीला इथे २०० तासांना सव्वादोन वर्षं लागली. मला परतल्यावरचा काळ धरून एकोणीस महिने. पैशात ती माझ्यापेक्षा थोडी स्वस्तात सुटली, हे बाबांनी लाल पेनने लिहून ठेवलंय.

माझ्यासोबत उडणारा मुलगा नाशिकचा. त्याच्या लॉगबुकातही तसेच ३६ तास आहेत. माझ्या पत्राचा मसुदा मी त्याला पाठवलाय. परवा म्हणाला, शाळेचं ‘बघतो’ तिसऱ्यांदा आलंय.